दुधाचं रिकामं खोकं

"हे काय जमवलंयस, प्रिन्सेस?"

जेलमधली गार्ड माझं दुधाचं रिकामं खोकं दोन बोटांत धरून उभी होती. नाश्त्याला मिळतं ते, तळहाताएवढं. हॉलमधल्या सगळ्या बायका बघत होत्या.

"पाण्यासाठी," मी म्हटलं.

"प्यायला नळ आहे."

"प्यायला नाही. धुवायला."

"काय धुवायला?"

तिला कळलं होतं. तरी तिने मला ते मोठ्याने बोलायला लावलं. मी बोलले. आधी एक जण खिदळली, मग सगळा हॉल. "राणीसाहेबांना टब आणा गं कुणी!" मागून आवाज आला. मी पन्नाशीला टेकलेली, ऑफिसात टीम सांभाळणारी बाई. केशरी कपड्यांत उभी.

तिथे पोचले ते अगदी व्हिसावर आलेल्या आमच्या लोकांच्या पद्धतीने. आम्ही अमेरिकेत, अर्विंगला राहतो. आमचं लायसन्स व्हिसाबरोबर संपतं. व्हिसाचं एक्स्टेंशन रखडलं, लायसन्स संपलं, आणि मी सगळ्यांसारखीच गाडी चालवत राहिले. पोलिसाने पकडलं, तिकीट मिळालं, म्हणजे दंडाची पावती. मग आम्ही अपार्टमेंट बदललं. कोर्टाचं पत्र जुन्या दारात पडून राहिलं, तारीख चुकली, वॉरंट निघालं. पुढे एकदा गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने थांबवलं आणि बेड्याच घातल्या.

दोघींच्या कोठडीत आम्ही चौघी. बंक दोनच. उरलेल्या दोघींना जमिनीवर प्लास्टिकचा लांबट टब, त्यात गादी. त्याला तिथे 'बोट' म्हणतात. माझी बोट संडासाला लागून. मध्ये पडदासुद्धा नाही. मी पाय तिकडे करून झोपले की गार्ड दार बडवायची. दाराच्या काचेतून डोकं दिसलं पाहिजे, असा नियम. संडास दाराशीच. म्हणजे डोकं संडासाशी. कुणी बसलं की मी भिंतीकडे तोंड करायची. कागदाचा रोल चौघींत एक, तो दुपारपर्यंत संपायचा. म्हणून ते खोकं.

इतकी माणसं अंगाला लागून, आणि मराठीत बोलायला माझी मीच.

"कचऱ्यात टाक," गार्ड म्हणाली. "आणि सॉरी म्हण."

माझी आई नागपूरला एका शाळेत संडास धुवायची. स्टाफरूममध्ये तिचा कप वेगळा होता, खिडकीबाहेर ठेवलेला. ती चहा प्यायची, कप विसळून परत बाहेर ठेवायची आणि म्हणायची, "असू दे." मला त्या 'असू दे'चा लहानपणापासून राग होता.

"टाकणार नाही," मी म्हटलं. "आधी ग्लास द्या."

ग्लास मिळाला नाही. शिक्षा म्हणून आमची कोठडी दिवसभर बंद झाली, चौघींचे घरी करायचे फोनही बंद. खालच्या बंकवर डेनिस होती, साठीची, गुडघे गेलेली. खटला अजून उभाही राहिला नव्हता, तरी कित्येक महिने आत. ती म्हणाली, "शाब्बास, हनी. आज नातीचा वाढदिवस होता माझ्या." मग भिंतीकडे वळली. माझ्याशी पुन्हा कुणी बोललं नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

नवऱ्याने वकील केला, मी सुटले. डेनिस तिथेच राहिली. मी निघताना नवी मुलगी आली. तिच्या हातात उलटीसाठी दिलेली पिशवी होती आणि तिला माझी बोट मिळाली.

गाडीत नवरा म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. ग्रीन कार्डचं काम चालू आहे, यार."

मी बोलले नाही. तरी इथल्या मराठी मंडळात कळलं. मंडळाच्या गणपतीचे मोदक दरवर्षी मी करते. या वर्षी मंडळातल्या, मूळच्या पुण्याच्या काकूंचा फोन आला. आवाज गोड. "अगं, या वर्षी नैवेद्याचं तू नको बघूस. दमली असशील. आणि कुणी विचारलंच तर सांग ना, इंडियाला गेले होते."

"काकू, मी दमले नाहीये."

"तसं नाही गं. लोकांना कसं वाटतं, ते बघावं लागतं ना."

म्हणजे कप पुन्हा खिडकीबाहेर. मी फोन ठेवला. 'असू दे' म्हटलं नाही.

जेल कौंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं आहे. कौंटीच्या सभेत कुणीही उभं राहून बोलू शकतं. मंगळवारी मी जाणार आहे. नवरा म्हणतो, नाव रेकॉर्डवर येईल, फाइल अडकेल. अडकेल कदाचित. मुलगी म्हणाली, "मॉम, आर यू शुअर?" आहे.

मोदक मी केले नाहीत. घरातलं दुधाचं एक खोकं धुऊन ठेवलंय. ते टेबलावर ठेवीन. दोघींच्या कोठडीत किती जणी झोपतात, डोकं कुठे असतं, कागद कधी संपतो, एवढंच सांगीन. डेनिसचं नाव घेणार नाही, तिला अजून तिथेच राहायचंय.

बोलण्याआधी स्वतःचं नाव सांगावं लागतं. मी पूर्ण सांगणार आहे, आडनावासकट.