आभाळातून खाऊ टाकणारा लोयझा

लोयझा कुडेलकाची नि माझी ओळख झाली ती डोक्यामार्फत. डोकं माझं, विमान त्याचं. गावाबाहेरच्या कुरणातून मी सायकलवरून सुखाने चाललो होतो. मागून जेवणाच्या टेबलाएवढं काहीतरी घोंघावत आलं आणि माझी टोपी, टोपीखालचे उरलेसुरले केस आणि स्वाभिमान घेऊन पुढे गेलं. मी खड्ड्यात. चर्चची घंटा आपोआप वाजली असंही काहीजण सांगतात. तेवढ्यात एक गोलमटोल गृहस्थ धापा टाकत आला, मला ओलांडून गेला, विमानापाशी गुडघे टेकून कळवळून म्हणाला, "लागलं का गं, मारुश्का?" मग मान वळवून मला म्हणाला, "आणि तू रे? बाजूला नाही व्हायचं?"

माणूस असा जीव लावतो तेव्हा रागावणार कसं? मी त्याच्या रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या क्लबचा सभासदच झालो.

लोयझाने जन्मभर बुटांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. पण गावात त्याची ओळख वेगळी होती. जूनमधल्या बालदिनाला त्याचं हे मारुश्का विमान मैदानावर घिरट्या घाली, पोटाचं दार उघडी आणि पोरांवर टॉफ्यांचा पाऊस पाडी. टॉफ्यांना पेट्रोलचा वास यायचा. आमच्या गावात वाढलेल्या माणसाला बिनवासाची टॉफी अजूनही शिळी वाटते.

मग धुराच्या नि आवाजाच्या तक्रारी आल्या. क्लबच्या अध्यक्ष हेडविकाबाईंनी फर्मान काढलं. "लोयझा, यंदापासून बॅटरीवरचीच विमानं. तुझं नाही उडालं तर खाऊ रादेक टाकेल."

क्लबमधल्या रादेककडे दुकानातून आणलेलं थर्माकोलचं विमान होतं. लोयझाचा चेहरा उकडून फुटलेल्या बटाट्यासारखा झाला.

त्याने मारुश्काचं पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटर बसवली, पण प्रोपेलर जुनाच ठेवला, स्वतः बीच झाडाच्या लाकडातून कोरलेला, भला थोरला. विमान उठेना, मोटर तापली. लोयझाने आणखी मोठी बॅटरी लावली. मोटरमधून धूर निघाला.

"अरे, मीटर लावून करंट तरी बघ," मी म्हणालो.

"मिरेक, पाचशे माणसांचं सूप ढवळलंय मी. कधी मीटर लावला नाही. मोठं पातेलं, मोठा डाव. साधं गणित आहे."

"गणित उलटं आहे. पेट्रोल इंजिनावर ओझं टाकलं की ते दमून बसतं. ही मोटर दमत नाही, बसत नाही. जेवढं ओझं टाकशील तेवढी वीज ओढत राहते, जळेपर्यंत. बॅटरी जोरकस केलीस तर प्रोपेलर लहान करायला हवा."

"म्हणजे लग्नानंतरची मी," त्याची बायको बोजेना चुलीपाशी म्हणाली. "दमायची सोयच नव्हती."

बायकोचा टोमणा मात्र त्याला लगेच कळला. त्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात बसून प्रोपेलरची टोकं तासत राहिला. दोन्ही पाती समतोल हवीत म्हणून सुईवर तोलायचा, पुन्हा तासायचा. बोजेनाच्या पिठात भुसा पडला. "आज उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांना लाकडाची चव आहे," असं तिने जेवताना जाहीर केलं. शेवटी लहान बॅटरी आणि आखूड प्रोपेलर यांची जोडी जमली. टॉफ्यांऐवजी तेवढ्याच वजनाचे ते गोळे पोटात भरून मारुश्का अलगद उठलं. उतरल्यावर लोयझाने मोटरीला गाल लावला.

"बाळाच्या दुधासारखी कोमट!" त्याचे डोळे भरून आले. हेडविकाबाईंनीही मान डोलावली. खाऊ लोयझाच टाकणार होता.

इथे थांबला असता तर तो लोयझा कसला? आता पेट्रोलचा वास नाही, म्हणून टॉफ्यांऐवजी त्याने चॉकलेटं घेतली. पोरं जास्त येणार, म्हणून दुप्पट घेतली. वजन वाढलं, म्हणून कुणाला न सांगता ती मोठी बॅटरी पुन्हा बसवली. प्रोपेलर मात्र तोच ठेवला. जमलेला संसार मोडायचा नाही, म्हणे.

बालदिनी ऊन रणरणत होतं. मारुश्का असं उठलं की टाळ्यांचा कडकडाट झाला. लोयझाने ऐटीत एक घिरटी जास्तच घेतली, मग आणखी एक.

"टाक की!" बोजेना ओरडली. "पोरांच्या माना मोडतील!"

"थांब गं, बघू दे त्यांना!"

त्या घिरट्यांत मोटर आणि बॅटरी तव्यासारख्या तापल्या होत्या, आणि चॉकलेटं होती बॅटरीला खेटून. दार उघडलं. पोरांनी हात वर केले. काहीच पडेना. लोयझाने विमान जरा बाजूला नेऊन हिसडलं, तेव्हा आभाळातून वितळून गोळा झालेलं एकच भलंथोरलं चॉकलेट पडलं. गावातल्या सगळ्या पोरांचं मिळून एक. ते थेट मैदानाच्या कडेला अग्निशमन दलाने शिजत ठेवलेल्या गुलाशच्या, म्हणजे मांसाच्या रश्श्याच्या, कढईत गेलं.

मारुश्काला कसंबसं उतरवून लोयझा कढईपाशी गेला. चॉकलेट विरघळत होतं. त्याने डाव उचलला, ढवळलं, चव घेतली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ हवंय," तो म्हणाला.

गुलाश संपला. पोरांनी तर दोनदा घेतला.

पुढच्या वर्षापासून खाऊ कागदी पिशव्यांत भरून टेबलावरून वाटतात. टेबलामागे लोयझा बसतो.