मोडणाऱ्या पाटवड्या

इथे परदेशात, टार्निटच्या आमच्या क्लिनिकमध्ये आमची एक मराठी मैत्रीण रिसेप्शनला असते. लॉकडाउनमध्ये सगळ्यांचे नवरे दिवसभर घरी, म्हणून आम्हा कुणाला फोन केला की ती आधी म्हणायची, "ताई, माझ्या पाटवड्या मोडतात गं. काय करू?" बेसन किती, पाणी किती हे सुरू झालं की शेजारी बसून ऐकणारा नवरा कंटाळून दुसऱ्या खोलीत जायचा. मग तिचा आवाज खाली यायचा. "गेले का? आता ऐक. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी राहिलीय तुझी. पत्र इंग्रजीत आलं, तू बाजूला टाकलं असशील. गुरुवारी ये, नर्स बाईच आहे."

राहिलेल्यांच्या यादीत आपल्याच बायका इतक्या का, असं तिनं मॅनेजरला विचारलं होतं. त्या येतच नाहीत, एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून हे फोन.

हिला स्वयंपाक येत नाही, असं आम्हा मैत्रिणींचं मत झालं होतं. मीही तिला शिकवलं, आणि गुरुवारी गेले. तपासणीत काहीतरी निघालं, पण वेळेत उपचार झाले. हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी तिनं दारात डबा ठेवला आणि लांबूनच हात हलवून गेली.

डब्यात पाटवड्या होत्या. एकही मोडलेली नव्हती.