ताईने सांडलेला चहा

शैलाताई गेल्याचं मला हॉस्पिटलने कळवलं नाही, सफाईच्या कंपनीने कळवलं. मी कँटीनमधून वर आलो, तर तिच्या खोलीच्या दारात दोन मुली बादली आणि मॉप घेऊन उभ्या. आकाशी गणवेश, पाठीवर कंपनीचं नाव. मी म्हटलं, "आत्ता नको, पेशंट झोपलीय." त्यातली एक चाचरत म्हणाली, "काका, बेड खाली झालाय असा मेसेज आलाय मोबाईलवर…" डॉक्टर अजून आतच होते आणि नर्स मला शोधायला दुसऱ्या जिन्याने खाली गेली होती. तेवढ्यात कुणीतरी कॉम्प्युटरवर नोंद केली आणि पुढचं सगळं आपोआप झालं. बेड रिकामा झाला की लगेच सफाई, असा करार आहे म्हणे. बेड रिकामा झाला नव्हता हो, माझी बहीण होती त्यावर. मी इतका ओरडलो की त्या बिचाऱ्या बादली तिथेच टाकून मागे सरकल्या. आता काही आठवडे झाले, लोक भेटून गेले, दिवसकार्य उरकलं, पण तो संताप काही उतरलेला नाही.

डोंबिवलीच्या ह्याच हॉस्पिटलात ताईने उभी हयात काढली, शेवटची बरीच वर्षं मेट्रन म्हणून. लग्न केलं नाही. आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहिली आणि आम्हाला सळो की पळो करून सोडलं. कुठल्याही लग्नाला गेलो की वधूवरांना भेटण्याआधी ही हॉलचे संडास बघून यायची आणि पंगतीत बसून सगळ्यांना निकाल सांगायची, तोही श्रीखंड वाढत असताना. कळव्याला माझ्या साडूंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची चौकशी राहिली बाजूला, हिने तिथल्या नर्सलाच फैलावर घेतलं. साडू सलाईन लावलेल्या हाताने मला खुणा करत होते, हिला घेऊन जा म्हणून. माझी बायको तर म्हणायची, "वन्सं येणार म्हटलं की मी आधी बाथरूम घासायला घेते." वैताग होता नुसता. आणि ह्या वैतागावर हॉस्पिटल चालत होतं, हेही तितकंच खरं.

ताईच्या काळी प्रत्येक वॉर्डाची मावशी ठरलेली असायची. बायकांच्या वॉर्डात सविता. शहाडहून यायची, तोंडाने फटकळ, ताईला उलट बोलायची हिंमत असलेली बहुधा एकटीच. दोघींची रोज खडाजंगी व्हायची. पण कोपऱ्यातल्या आजीने सकाळपासून ताटाला हात लावलेला नाही, किंवा नव्याने आलेली मुलगी पांघरूण डोक्यावर घेऊन रडते आहे, हे डॉक्टरांच्या आधी सविताला कळायचं आणि सविताकडून ताईला. रोज तोच वॉर्ड, त्याच बायका, त्यामुळे न बोलता लक्षात यायचं. पेशंटही "सविताला बोलवा" म्हणायचे. भांडं द्यायचं असो की केस विंचरायचे असोत, सविता हवी.

मग ट्रस्टींना कुणीतरी शहाणपण शिकवलं आणि सफाईचं कंत्राट दिलं गेलं. जुन्या मावश्यांना कंपनीत घेतलं, गणवेश बदलले, फिनेलचा वास जाऊन लिंबाचा आला. फरशी चकचकीत दिसायला लागली, हे मी नाकारत नाही. पण दर थोड्या दिवसांनी प्रत्येकीचा मजला बदलायचा, असा कंपनीचा नियम. ताई तेव्हा निवृत्तीला आली होती. ती थेट कंपनीच्या मॅनेजरसमोर जाऊन बसली. मॅनेजर तिच्या भाच्याच्या वयाचा.

"मॅडम, एकाच वॉर्डात ठेवलं की ओळखी वाढतात," तो म्हणाला. "मग पेशंटकडून बक्षिसी मागतात. कंप्लेंट येतात."

"ओळखी वाढायलाच हव्यात," ताई म्हणाली. "आजारी माणूस आहे ते, बसस्टॉप नव्हे."

त्याने मान डोलावली आणि काहीही बदललं नाही. उलट नवीनच तमाशे सुरू झाले. फरशीवरची घाण ह्या कंपनीची, चादरीवरची घाण धुलाईवाल्या दुसऱ्या कंपनीची. पलंगाच्या दांडीला उलटी लागली तर ती कोणाची, यावर एकदा दोन सुपरवायझर पेशंटच्या पायाशी उभे राहून वाद घालत होते, आणि दांडी शेवटी ताईने पुसली. पेशंटना तर आता कुणाचं नावच माहीत नसायचं. सगळे आपले "ए हाऊसकीपिंग!" म्हणून हाका मारायचे. निवृत्त झाल्यावरही ताई बीपी तपासायच्या निमित्ताने तिथे जायची आणि बीपी वाढवून घरी यायची. मी कितीदा म्हटलं, "सोड ना आता, तुझं काय जातंय?" त्यावर ती जे बघायची माझ्याकडे… जाऊ दे.

ह्या वर्षी तिच्या किडन्यांनी दगा दिला आणि ती त्याच हॉस्पिटलात दाखल झाली. आता फार काही करण्यासारखं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं आणि तिला ते सांगायची गरजच नव्हती. तिने एकच मागणी केली, "सविताला माझ्याकडे ड्युटी द्या." सुपरवायझर नम्रपणे म्हणाला, "सिस्टममध्ये तसं होत नाही, मॅडम. त्या स्पिल टीममध्ये आहेत." म्हणजे कुठे काही सांडलं, कुणाला उलटी झाली, तर धावायचं ती तुकडी. मजल्यावरच्या मुलींना ते पुसायची परवानगी नाही. सविता त्याच इमारतीत होती, आणि माझी बहीण मरायला टेकली होती, आणि दोघींच्या मध्ये सिस्टम!

त्यानंतर ताईच्या हातून वस्तू सांडायला लागल्या. एकदा डाळ, एकदा औषध, मग चहा. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे तिला चहा जेमतेम दोन घोट मिळायचा, त्यासाठी ती सकाळपासून वाट बघायची, आणि नेमका तोच सांडायचा. मी चिडलो. "अगं, धरता येत नाही तर मला सांग ना, मी पाजतो." तिच्या हाताला कंप सुटला असेल म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मेंदूचे डॉक्टर बोलावले, त्यांनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं. तिने बरोब्बर लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीबाहेरच गेलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. चहा सांडला होता, पण चादरीवर एक थेंब नव्हता. सगळा फरशीवर. चादरीवर सांडला असता तर धुलाईवाले आले असते! दहा मिनिटांत सविता आली, पिवळी पाटी दारात उभी केली, म्हणजे फरशी वाळेपर्यंत कुणी आत यायचं नाही. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत एवढासा चहा तिने इतका सावकाश पुसला की त्यात ताईचे पाय चेपून झाले, केस विंचरून झाले आणि ताईला "काय म्हातारे, आज पण नाटक?" असं दटावूनही झालं. ताई हसत होती. जन्मभर एक डाग सहन न केलेली माझी बहीण, तिला दुसरा मार्ग उरला नव्हता. मला हसू आलं नाही. ह्यासाठी माणसाने तोंडचा चहा सांडायचा?

शेवटच्या दुपारी तिला हात उचलवेना. चहा आला. तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आधी पी थोडा." तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी कप उचलला आणि सगळा फरशीवर ओतला. बेल दाबली. सविता आली, माझ्या हातात रिकामा कप बघून म्हणाली, "काका, तुम्हीपण?" आणि पुसायचं सोडून ताईचा हात धरून बसली, पाटी दारात होतीच.

मागच्या आठवड्यात सविताचा फोन आला. कंपनीने तिला ठाण्याच्या कुठल्याशा हॉस्पिटलात टाकलंय, अर्थात न विचारता. माझं डोकंच फिरलं. उद्याच्या उद्या ट्रस्टींना जाऊन भेटतो म्हटलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो काका, डोक्याला ताप. इकडं एक आजी हायेत, कोणाशी बोलत नाय, जेवत नाय. माझ्याशी जरा बोलायला लागलेल्या, तर माझा मजला काढून मला परत स्पिल टीमला टाकली."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"मग काय… जाताना त्यांच्या कानात सांगून आली, काय करायचं ते." तिच्या मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. "आज दुपारी सांडला त्यांनी चहा. आत्ताच पुसून आली."