मावशीचा तळहात

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मावशीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. पण आई परवापासून नीट जेवत नाहीये, म्हणून लिहितेच.

माझी मावशी म्हणजे ओव्हनबाई. बावीस वर्षं दुकानात इलेक्ट्रिक ओव्हन आणि शेगड्या विकल्या तिने. तिची एक करामत होती. तापलेल्या काचेच्या शेगडीवर वीतभर उंच तळहात धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "सहावर आहे." गिऱ्हाईक बटण बघायचं, तर खरंच सहा! आणि घरात म्हातारं माणूस आहे म्हटलं की बजावायची, "इंडक्शनच घ्या. भांडं उचललं की आपोआप बंद. ही साधी काचेची नकोच. बंद केली तरी किती वेळ तापलेली असते, आणि दिसते अगदी थंड!"

स्वतःच्या घरी मात्र तीच साधी काचेची. एकटी राहते.

परवा दुपारी आई तिच्याकडे गेली. दार उघडलं तोच जळका वास.

"ताई, काय जळतंय?"

"टोस्ट गं. तुझं नाक म्हणजे पोलिसाचं कुत्रं, लहानपणापासून!"

टोस्ट कुठेच नव्हता. ओव्हनचा जाड हातमोजा खुंटीवर, लेबलसकट कोरा. मावशीने चहा गाळला, शेगडी बंद केली. कोपऱ्यातला लाल दिवा तसाच. काच तापलेली असेपर्यंत तो जळतो.

"लेक परत म्हणतोय, आमच्याकडे राहायला ये. म्हटलं, सूनबाईच्या किचनमध्ये मी काय शोपीस म्हणून बसू?" असं म्हणत मावशी ओट्याला टेकली आणि हात ठेवला. थेट काचेवर.

आई बघत राहिली. आत्ता काढेल. आत्ता काढेल.

"ताई, हात!"

मावशीने आधी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हाताकडे. मग लाल दिव्याकडे.

नळाखाली हात धरल्यावर आईला जुने डाग दिसले. दुसऱ्या हातावर पण.

"कधीपासून?"

"शुगर वाढल्यापासून. वर्ष झालं. बोटांना कळतच नाही काही." मग एकदम कळवळून म्हणाली, "लेकाला सांगू नकोस. आधी शेगडी उचलून नेईल, मग मला. शपथ आहे तुला माझी."

डॉक्टरकडे जाऊन पट्टी करून आल्या दोघी. आईने शपथ घेतली. बहीण ना शेवटी.

काल आईने फोन केला. मावशी म्हणाली, "मस्त आहे मी!" मागे ओव्हनची घंटी वाजत होती. वाजतच होती.

"ताई, ओव्हन."

"अगं, बंद केलाय की."

शपथ आईने घेतलीय, मी नाही. मावसभावाला हे पहिलं पाठवतेय, आणि मी आत्ता मावशीकडे निघालेय. तुमचंही कुणी एकटं असेल ना, फोनवर "मस्त" म्हणणारं, तर प्लीज जाऊन भेटा. लवकर जा. आणि त्यांचे हात बघा.