दोन्ही बाजूंचं काळं

ताईच्या लग्नाची कॅसेट आम्ही काही वर्षांपूर्वी मुलुंडमधल्या एका दुकानात देऊन तिची फाइल करून घेतली. दुकानदाराने नमुना दाखवला तेव्हा चित्र टीव्हीच्या मधोमध होतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. जुनं चित्र अरुंद, नवा टीव्ही रुंद. उरलेली जागा काळी दिसणारच. पण सोबत आलेली आई म्हणाली, "लग्नाच्या फिल्मला दोन्हीकडून काळं कशाला? शुभकार्य आहे."

"काकी, फुल स्क्रीन करून देतो," दुकानदार म्हणाला, आणि चित्र आडवं ताणून त्याने पडदा भरला. घरी बाबांनी दहा मिनिटं पाहिलं. "मी एवढा जाड होतो?" म्हणून हसले. पेनड्राइव्ह कपाटात गेला. पुढच्या वर्षी बाबा गेले.

आता आईला ते गेल्याचं आठवत नाही. दुपारी चार वाजले की ती विचारायला लागते, "विक्रोळीची पहिली पाळी सुटली ना? हे आले कसे नाहीत?" खरं सांगितलं की ती ते प्रथमच ऐकल्यासारखी रडते, म्हणून आम्ही सांगणं सोडलं. भिंतीवरच्या फोटोतले बाबा आजारपणातले. त्यांना ती ओळखत नाही, "हे कुठले म्हातारे?" म्हणते. कारखान्यातून घरी येणारे, दाट केसांचे, चालते-बोलते बाबा फक्त त्या लग्नाच्या फिल्ममध्ये आहेत. ते पाहून तिचं वाट पाहणं थांबेल असं मला वाटलं.

फिल्म लावली. कन्यादानाला बसलेल्या बाबांकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे जाडे गृहस्थ कोण? केटरर का?"

कांदिवलीला ताईला फोन केला. तिच्याकडेही हीच फाइल होती. ती म्हणाली, "अरे, मलाही ओळखू येत नाहीत. पोत्यासारखे दिसतात. आणि मी तर पिंपच. आधी नीट कर ते."

हे हिशेबाचं काम होतं, म्हणून मला बरं वाटलं. फिल्ममध्ये लग्नाच्या हॉलच्या भिंतीवर, बाबांच्या डोक्यामागे, एक गोल घड्याळ आहे. टीव्हीच्या पडद्यावर मोजपट्टी लावून ते मोजलं: रुंदी आठ सेंटिमीटर, उंची सहा. म्हणजे दर तीनाचे चार झाले होते. फाइलची रुंदी १९२० आणि उंची १०८० होती. उंची तीच ठेवून रुंदी १४४० करायची; उरलेले ४८० दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे काळे राहतील.

पहिल्यांदा मी रुंदी दाबायच्या ऐवजी कडा कापल्या. बाबा जाडच राहिले आणि ताईचा नवरा अर्धा गेला. ताईला पाठवलं, तर म्हणाली, "तो गेला तर चालेल, बाबांचं बघ." दुसऱ्यांदा आकडे बरोबर टाकले, पण कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये 'पडदा भरा'समोर आधीपासूनच खूण होती, चित्र पुन्हा ताणलं गेलं. ती खूण काढून तिसऱ्यांदा केलं. घड्याळ मोजलं. सहा आणि सहा.

मी घड्याळावरून नजर खाली आणली. बाबा होते. सडपातळ, मान किंचित डावीकडे कललेली. रविवारी ताई आली. मी आईला टीव्हीसमोर बसवलं.

बाबा उठले, उपरणं सावरलं, कोणाला तरी हाक मारली. आई टक लावून बघत होती. ताईने तिचा हात धरला.

"आई, ओळखलंस?"

"कोणाला?"

"हे उपरणंवाले."

आईने पुन्हा पाहिलं. मी चित्र थांबवलं. एवढं स्पष्ट तोंड त्या फिल्ममध्ये दुसरीकडे कुठे नाही.

"नाही गं. मुलीकडचे दिसतात," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ते दोन्हीकडचं काळं काढ ना रे. लग्न आहे कोणाचं तरी."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. माझ्याकडे करण्यासारखा हिशेब उरला नव्हता. रिमोट घेऊन मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये पडदा भरला. घड्याळ आडवं झालं, बाबा पसरले.

"आता बरं दिसतं," आई म्हणाली. पंगत बसेपर्यंत ती शांतपणे बघत राहिली. मग तिने खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "चार वाजून गेले ना?"