काकांची दुनळी

आमचे हे, प्रद्युम्नराव, तंजावूरच्या एका रायफल क्लबात एकोणीस वर्षं रेंज ऑफिसर होते. येणाऱ्या प्रत्येकानं आपली बंदूक उघडून, रिकामी आहे हे ह्यांना दाखवायचं, नळी कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे, चापावर उगाच बोट नाही. चुकला की घरी, मग तो वकील असो की डॉक्टर. आमची अखिला तेरा वर्षांची असताना भरलेली रायफल हातात घेऊन "अप्पा" म्हणत मागं वळली, तर पोटच्या पोरीला ह्यांनी सहा महिने मैदानाबाहेर बसवलं. मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पोर मात्र हूं की चूं न करता बसली. यंदा ती राज्याच्या संघात निवडली गेली होती.

आयुधपूजेला क्लबातल्या सगळ्या बंदुका ओळीनं मांडतात. चंदन, कुंकू, झेंडू. एकदा हत्याराला कुंकू लागलं की दुसऱ्या सकाळच्या पूजेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणून हे प्रत्येक बंदूक आधीच उघडून बघायचे.

यंदा व्यंकोजीकाका उशिरा आले. ह्यांचे थोरले चुलते, क्लबाचे अध्यक्ष. माझे सासरे लवकर गेले, ह्यांना शिकवलं ते काकांनीच. पापनाशमच्या शेतावर रानडुकरं हाकलायला ते हवेत बार काढतात, तीच दुनळी घेऊन तडक आले. कापूर पेटला होता. काकांनी बंदूक ओळीत ठेवली, स्वतःच तिला कुंकू लावलं. ह्यांनी उघडायला हात पुढे केला.

"रिकामी आहे," काका म्हणाले. "पूजेतलं हत्यार उघडतोस, प्रद्युम्ना? माझ्यावर भरवसा नाही?"

ह्यांचा हात तसाच राहिला. आणि माझ्या मेलीच्या जिभेला काय झालं होतं देव जाणे, मी म्हणाले, "असू द्या हो. चार माणसांत मोठ्यांचा मान ठेवावा." अखिला शेजारीच उभी होती. ह्यांनी हात मागे घेतला.

दुसऱ्या सकाळी पूजा आटोपली. अखिला सगळ्यांना प्रसादाचं चण्यांचं सुंडल वाटत होती. काकांनी चंदन पुसायला दुनळी उचलली आणि कुणाशी तरी बोलत बोलत वळले. शेतावर त्यांनी एकच बार काढला होता. दुसऱ्या नळीतलं काडतूस तसंच राहिलं होतं.

अखिलाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

काका दवाखान्यात येऊन रडले. "विधिलिखित, दुसरं काय," म्हणाले. त्यांचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. पण मी त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली. जन्माची सवय. ह्यांनी पोलिसांना खरं ते लिहून दिलं: "बंदूक काकांची, तपासायचं काम माझं, मी तपासली नाही." नोकरी सोडली. तेव्हापासून काकांच्या घरचं कुणी आमच्याशी बोलत नाही.

नवव्या दिवशी अखिला पहिल्यांदा नीट बोलली.

"अप्पा, ती बंदूक माझी असती तर?"

"उघडली असती," हे म्हणाले.

"कुंकू लावलेलं असतं तरी?"

"तरी."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. मला तिनं काहीच विचारलं नाही.