अकरा हिरव्या खोल्या

धाराशिवच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली ताडपत्री बांधून प्रतिज्ञापत्रं टाइप करणारे जे चार-पाच जण पूर्वी बसायचे, त्यांत महेबूब शेख सगळ्यांत हळू. बोटं हळू चालत होती असं नाही. समोरचा माणूस जे बोलला तेच कागदावर उमटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एखादा म्हातारा म्हणाला, 'लिहा, भावानं माझा बांध खाल्ला,' तर शेजारचे टायपिस्ट 'अतिक्रमण केले' असं ठोकून मोकळे व्हायचे. महेबूबभाई 'बांध खाल्ला' असंच लिहायचे आणि वर त्याला वाचून दाखवायचे. वकील वैतागायचे. म्हातारे मात्र लांबलचक लाइन लावून त्यांच्याकडंच बसायचे.

टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आणि महेबूबभाई शिक्षण खात्याच्या कार्यालयात कंत्राटी संगणक चालक म्हणून लागले. दर वर्षी नवा करार, दर वर्षी तीच धाकधूक. काम एकच, पण किचकट. गावोगावचे गुरुजी बैठकांसाठी आपापल्या पद्धतीनं स्लाइड करून पाठवायचे आणि महेबूबभाईंनी त्या सगळ्या एका फायलीत जोडायच्या. कुणाची स्लाइड निळी, कुणाच्या कोपऱ्यात गुलाबाचं फूल, कुणी स्वतःचाच फोटो डकवलेला. जोडताना कॉम्प्युटर विचारतो, मूळ रूप ठेवू की नव्या फायलीचं देऊ? महेबूबभाई अकरा वर्षं डोळे झाकून मूळ रूप ठेवत आले. गोधडीसारखी दिसायची ती फाइल, ठिगळाला ठिगळ लावलेली. पण ज्याचं ठिगळ त्याच्या रंगाचं राहायचं.

मग नवे साहेब आले. साहेब स्वच्छतेचे भोक्ते. ती गोधडी बघून त्यांचं डोकंच उठलं.

यंदा विषय होता शाळेच्या जुन्या खोल्यांचा. भिंती फुगलेल्या, तुळया वाकलेल्या, कुठं छताचे पोपडे पडतायत. साहेबांनी फर्मावलं, मजकूर नको, वाचायला कुणाला वेळ नाही. शाळेचं नाव, खोलीचा फोटो आणि खाली एक चौकोन. खोली धोक्याची असेल तर तांबडा, दुरुस्तीची असेल तर पिवळा, धड असेल तर हिरवा. नमुन्याची स्लाइड महेबूबभाईंनीच केली आणि सगळ्या शाळांना धाडली. चौसष्ट खोल्यांच्या चौसष्ट स्लाइड आल्या. बैठकीच्या दिवशी सकाळी साडेनऊला साहेबांनी पहिली चार पानं पाहिली आणि म्हणाले, "हे काय कुणाचंही काहीही? माझ्या टेम्प्लेटमध्ये घ्या सगळं. एकसारखं दिसलं पाहिजे. अकराला बैठक आहे."

दीड तासात चौसष्ट स्लाइड. महेबूबभाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा मूळ रूपाचा पर्याय सोडला आणि दुसरा दाबला. दाबला आणि दाबत गेले. नावं फोटोवर सांडतायत का, फोटो आडवे होतायत का, एवढंच पाहत गेले. अकराला फाइल लागली. साहेबांचं टेम्प्लेट हिरवंगार, नजर लागावी असं. सगळे खूश झाले, चहा झाला, पाडायच्या खोल्यांचा ठराव झाला.

दहा दिवसांनी पिंपळदऱ्याच्या ज्ञानोबा गुरुजींचा फोन आला. बेंबळीच्या पुढं आत फाट्यावर उतरून चालत जावं लागतं असं ते गाव. गुरुजी दोन वर्षं पोरांना मारुतीच्या देवळाच्या मंडपात बसवत होते, कारण खोलीची तुळई मधोमध तडकलेली.

"महेबूबभाई, आमची खोली हिरवी कशी काय झाली वो?"

"हिरवी? न्हाय गुरुजी. तुमी तांबडी दिली होती. मला चांगलं आठवतंय."

"मग ह्ये पत्र बघा की. खोली धड असताना पोरं देवळात का बसवता म्हून नोटीस आलीय मला. सोमवारपासून पोरं खोलीत घ्या म्हंतेत. आन् पाडायच्या यादीतनं आमचं नाव उडवलंय."

महेबूबभाईंनी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. गुरुजींच्या स्लाइडवर तांबडा चौकोन. जोडलेल्या फायलीत तोच चौकोन हिरवा. पुढची बघितली, तसंच.  हळूहळू उलगडा झाला, आणि तो फार वाईट होता. नमुना करताना त्यांनी रंग घेतले होते ते फायलीच्या स्वतःच्या रंगपेटीतले. फाइल बदलली की ती पेटी बदलते आणि पेटीतनं घेतलेले रंगही बदलतात. साहेबांच्या पेटीत सगळे हिरवेच. ज्या गुरुजींनी नमुना धुडकावून स्वतःच्या मनानं कुठला तरी भडक तांबडा लावला होता, त्यांच्या खोल्या तांबड्याच राहिल्या. ज्यांनी नमुना इमानानं पाळला, नेमका त्यांचाच घात झाला. पिवळ्याही हिरव्या झाल्या होत्या, पण त्या नुसत्या गळक्या. तांबड्याच्या हिरव्या झालेल्या त्यांनी तीनदा मोजल्या. अकरा.

नमुना त्यांचा. जोडणी त्यांची. बोट त्यांचं.

ते तसेच हेडक्लार्क धोंडप्पांकडं गेले. धोंडप्पा वाईट माणूस नव्हे, पण फायलींत केस पिकलेला.

"शेखजी, ठराव झालाय, सह्या झाल्यात," धोंडप्पा हळू आवाजात म्हणाले. "आता दुरुस्ती म्हंजे चूक झाली म्हून कबूल करायचं. कुणाची चूक? साहेबाची म्हंताव? मग ऱ्हायलं कोन? पुढच्या म्हैन्यात तुमचा करार संपतोय. तीन म्हैन्यांनी परत बैठक हाय, तवा बघू."

"तीन महिने पोरं तुळईखाली बसतील, धोंडप्पा."

"दोन वर्षं पडली न्हाय ती तुळई."

"दोन वर्षं खाली कुणी नव्हतं म्हणून!"

साहेब दौऱ्यावर होते. फोनवर एवढंच म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं तर आवक टेबलावरच्या बाई म्हणाल्या, वरिष्ठांच्या सहीशिवाय घेता येत नाही. महेबूबभाईंनी अकराही शाळांना फोन लावले. प्रत्येकानं कळवळून ऐकलं आणि प्रत्येकानं तेच विचारलं, लेखी आहे का? पुरावा म्हणून मूळ स्लाइडची प्रत काढायला गेले तर कार्यालयाचं छपाईयंत्र काळ्या-पांढऱ्याचं. कागदावर तांबडाही करडा आणि हिरवाही करडा. त्या कागदाकडं बघून ह्या पन्नाशीच्या माणसाला रडूच कोसळलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

रविवारी घरात जेवण गेलं नाही. बायको फातिमाबीनं सगळं ऐकून घेतलं. करार जाईल, हेही ऐकलं. मग ताटावर झाकण ठेवत म्हणाली, "अजी, बच्चों का मामला है. जाव."

सोमवारी पहिल्या एसटीनं ते निघाले. फाट्यावर उतरून पिंपळदऱ्याला पोचले तोवर शाळा भरलेली होती, आणि खोलीत. ज्ञानोबा गुरुजी दारातच उभे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. चार महिन्यांत रिटायर होणारा माणूस. खोलीत बत्तीस पोरं, आणि वर ती तुळई. फटीत चिमणीनं काड्या कोंबलेल्या.

"गुरुजी, पोरं बाहेर काढा."

"कशाच्या आधारावर काढू? हातात नोटीस हाय. उद्या पेन्शन अडकली तर कुणाच्या दारात जाऊ? मला लेखी पायजे."

"वरचं लेखी मिळत न्हाय. माझं चालंल का?"

"तुमाला काय अधिकार?"

"काहीच न्हाय," महेबूबभाई म्हणाले. "पण चूक माझी हाय. चुकीवर तरी माझी सही चालंल ना?"

ओट्यावर बसून त्यांनी वहीच्या पानावर लिहिलं. 'पिंपळदरा शाळेची ही खोली धोकादायक आहे. मुख्याध्यापकांनी ती तांबडीच दाखवली होती. स्लाइड जोडताना माझ्या हातून तिचा रंग हिरवा झाला. महेबूब शेख, संगणक चालक.' खाली तारीख आणि सही. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि घंटा बडवली. पोरं दप्तरं घेऊन देवळाकडं पळाली. महेबूबभाई ओट्यावरच बसून राहिले. 

गुरुजींनी स्वतःच्या बचावासाठी तो कागद टपालानं कार्यालयात धाडला. आवक टेबलानं तो मुकाट घेतला, कारण तो मुख्याध्यापकांकडून आला होता. मग चक्रं भराभर फिरली. कबुलीच हातात पडलेली. आठवड्यात महेबूबभाईंचा करार संपवल्याचं पत्र निघालं, आणि त्याच दिवशी यादीची दुरुस्तीही निघाली. धोंडप्पांनी मान खाली घालूनच दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले.

महेबूबभाईंनी स्वतःच्या पत्राची न वाचताच घडी केली. दुरुस्तीचं वाचलं. पुन्हा वाचलं. "ह्यात एकच खोली हाय."

"तुमी एकाच खोलीचं लिवून दिलतं, शेखजी. 'ही खोली' म्हून. कार्यालयानं तेवढीच दुरुस्त केली."

महेबूबभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं शब्दाला शब्द उतरवत आलेला माणूस, आणि आज त्याचंच लिहिणं शब्दाला शब्द घेतलं गेलं होतं. दहा खोल्या अजून हिरव्या होत्या. आणि आता त्यांच्याजवळ संगणक चालक म्हणून सही करायचीही सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते तेर गावाच्या एसटीत बसले. तेरच्या पुढं एका वस्तीवर उरलेल्यांतली पहिली खोली होती. खिशात दहा गावांची यादी, एक पेन, कोरे कागद. शाळेच्या बाई, कस्तुराबाई, वर्गाला तेराचा पाढा म्हणायला लावून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, लिहिलेला कागद उलटसुलट करून बघितला.

"ह्याच्यावर शिक्का न्हाय. तुमचं पद काय म्हनलाव?"

"काल पत्तोर संगणक चालक होतो."

"आन् आज?"

"आज काहीच न्हाय, बाई. तुमच्या खोलीचा रंग ज्याच्या हातनं बदलला, तो मी. एवढंच लिवा."

"असं कसं चालंल वो? मला वर उत्तर द्यावं लागतंय. तुमी शिक्क्याचं पत्र आणा." बाईंनी कागद परत केला.

महेबूबभाईंनी तो घेतला. एसटीकडं वळायच्या ऐवजी चपला दारात काढल्या आणि सरळ खोलीत शिरले. छताची जी पट्टी खाली पोट सुटल्यासारखी आली होती, तिच्या बरोबर खाली, पहिलीतल्या दोन पोरींच्या मधे मांडी घालून बसले. पाढा थांबला. पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

"अवो, ह्ये काय करताव? उठा!" बाई दारातनं ओरडल्या.

"पोरं उठली की मी उठतो."

"वेडं का खुळं तुमी! वरचं डोक्यात पडंल की!"

बोलून झालं आणि बाईंचे शब्द त्यांच्याच कानांवर आले.  मान वर करून त्या पट्टीकडं बघत राहिल्या, मग खाली बसलेल्या पोरींकडं. पुढं त्यांनी कागद मागितला नाही, शिक्काही मागितला नाही. एकेका पोराच्या दंडाला धरून त्यांनी स्वतःच सगळा वर्ग अंगणात काढला.

महेबूबभाई सगळ्यांत शेवटी उठले. चपला घातल्या, लिहिलेला कागद बाईंच्या हातात दिला, खिशातली यादी काढून एका गावावर रेघ मारली. नऊ राहिली होती, आणि सगळीकडं शाळा भरलेल्या होत्या. येडशीकडं जाणारी एसटी कधी येते, ते त्यांनी बाईंना विचारलं.